व्हरांडा आधी थंड करा, मग रंगवा : आरोग्य केंद्रातली बसायची जागा मनाला सुसह्य कशी करावी

आरोग्य केंद्राची भिंत रंगवायची ठरली की पहिली खरेदी रंगाची होते. मग सूर्योदय, दोन डोंगर, त्यांच्यामध्ये नारळाचं झाड, एखादं कार्टून आणि मोठ्या अक्षरांत 'हसत राहा'. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. पत्र्याखाली दीड तास ताटकळलेल्या माणसाला तेव्हा त्या सूर्योदयाचा राग येतो. उकाडा, डोळ्यांवर येणारी तिरीप, गोंगाट आणि 'माझा नंबर कधी, जायचं कुठे' ही घालमेल, एवढ्या चार गोष्टींनी बसलेला जीव थकतो. त्या कमी झाल्या तरच चित्राकडे लक्ष जातं. म्हणून इथे चित्र शेवटी येतं आणि खर्चातला त्याचा वाटाही शेवटचाच आहे.

पुढची मापं २० फूट लांब, ८-१० फूट रुंद आणि एका बाजूने उघड्या व्हरांड्यासाठी आहेत. खानदेशातल्या बऱ्याच केंद्रांत साधारण अशीच जागा असते.

आधी नुसतं बसा

तीन दिवस निवडा. त्यांतला एक आठवडेबाजाराचा असू द्या, कारण गर्दी त्या दिवशी असते. सकाळी १० ते १२ रुग्णांमध्ये बसा, कर्मचाऱ्यांच्या खुर्चीवर नाही. थोडा वेळ जमिनीवरही बसा. लांबून आलेल्या बाया लेकरू घेऊन खालीच बसतात आणि तिथून जागा वेगळीच दिसते.

कागदावर व्हरांड्याचा कच्चा नकाशा काढून त्यावर नोंदी करा. ऊन किती वाजता कुठवर येतं, लोक आपणहून कुठली जागा धरतात, कुठली रिकामी राहते, हे लिहा. बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, ऊन लागणार नाही असा साधा तापमापक टांगा आणि १०, १२ व ३ वाजताचा आकडा टिपा. कर्मचाऱ्यांना विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाची एक रेघ ओढा: नंबर कितवा, रक्त कुठे तपासतात, पाणी कुठे, संडास कुठे. कोणत्या पाट्या हव्यात ते या रेघा सांगतील.

पंधरा-वीस जणांना दोनच प्रश्न विचारा: 'इथं बसल्यावर सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?' आणि 'बसल्या बसल्या कशाकडे बघता?' 'कोणतं चित्र हवं?' असं विचारू नका. त्यावर देवाचं नाव येतं किंवा 'तुम्हाला आवडेल ते काढा' असं उत्तर मिळतं. नर्सताई, आशाताई आणि सफाई कामगार यांना जरूर विचारा, त्यांचा अख्खा दिवस तिथेच जातो.

याच काळात परवानगीचं काम उरका. इमारत बहुतेक वेळा जिल्हा परिषदेची असते. वैद्यकीय अधिकाऱ्यांचं पत्र आणि रुग्ण कल्याण समितीचा ठराव घ्या. कोणती भिंत, कोणतं काम आणि दोन वर्षं देखभाल कोण करणार, हे ठरावात लिहून घ्या. नुसत्या तोंडी होकारावर काढलेलं चित्र पुढच्या सरकारी रंगकामात पांढऱ्याखाली जातं.

ऊन आणि तिरीप

स्लॅब असेल तर छताला चुना. मार्चच्या सुरुवातीला कळीचा चुना लोखंडी पिंपात विझवा. प्लॅस्टिकची बादली नको, विझताना पाणी उकळतं. चुना पाण्यात थोडा थोडा सोडायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही, नाहीतर उसळून अंगावर येतो. डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच. रात्रभर मुरल्यावर फडक्यातून गाळा, ताकाइतका पातळ करा आणि झाडून-धुऊन ओलसर ठेवलेल्या स्लॅबवर दोन ते तीन हात द्या. जाड एक हात दिला तर पापुद्रे सुटतात. पावसाळ्यात हा चुना धुपतो आणि ते चालतं. गरज मार्च ते जूनची आहे, पुढच्या मार्चला पुन्हा द्या.

पत्र्यावर चुना टिकत नाही. तिथे पत्र्यासाठीचं पांढरं उष्णतारोधक कोटिंग घ्या किंवा पत्र्याखाली सहा इंच अंतर सोडून बांबूच्या चटयांचं छत ताणा. ते अंतर दोन्ही टोकांना उघडं ठेवा, बंद केलं तर गरम हवा तिथेच कोंडते. पत्र्यावर कपाशीच्या पऱ्हाट्या टाकायची पद्धत घरी चालत असेल, दवाखान्यावर नको. एका ठिणगीचं काम असतं, शिवाय विंचू.

पश्चिमेची तिरीप अडवायला लोक हमखास हिरवी शेडनेट आणतात, कारण रोपवाटिकेच्या दुकानात ती सहज मिळते. तिच्याखाली सगळ्यांचे चेहरे हिरवट आणि आजारी दिसतात. बसलेल्याला ते नकळत खुपतं आणि डॉक्टरांना रक्त कमी आहे का, कावीळ आहे का हे नजरेने ओळखणं अवघड जातं. पांढरी किंवा काळी नेट घ्या, ५० टक्के सावलीची, आणि ती भिंतीपासून फूटभर पुढे ताणा. त्याच तारांवर जूनमध्ये मधुमालती चढवा. वेल दाट झाला की नेट काढता येईल. हाच नियम तपासणीच्या खोलीलाही लावा: भडक पिवळ्या किंवा निळ्या भिंती तिथे नकोत. अंगावर पडणारा उजेडच त्या रंगाचा होतो.

वाळ्याचे पडदे आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात उत्तम चालतात, पण पाणी असेल तरच. ज्या गावात मे महिन्यात टँकर येतो तिथे त्यांचा विचार सोडा. जिथे लावाल तिथे पहिल्या पावसाबरोबर उतरवून कडक उन्हात वाळवून ठेवा. दमट हवेत त्यांना बुरशी येते आणि गारवाही मिळत नाही.

बाक फिरवा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम हेच. बहुतेक ठिकाणी बाकांच्या रांगा डॉक्टरांच्या दाराकडे तोंड करून असतात. दर वेळी दार उघडलं की वीस माना वळतात आणि आत गेलेल्या माणसाच्या पाठीवर वीस नजरा असतात.

समोर कडुनिंब, चिंच किंवा नुसतं मोकळं शेत दिसत असेल तर बाकांची तोंडं तिकडे करा आणि त्या बाजूला एकही फलक लावू नका. रॉजर उलरिक यांनी १९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास मांडला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांना खिडकीतून झाडं दिसत होती ते, समोर विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. रुग्ण ४६च होते, त्यामुळे त्यावर फार मोठा इमला उभारायचं कारण नाही. पण बाक फिरवायला पैसे लागत नाहीत, तेव्हा करून पाहण्यात तोटाही नाही.

शक्य तेवढे बाक भिंतीला टेकवून काटकोनात मांडा. पाठीमागून येणारी-जाणारी माणसं नसली की बसलेला निवांत होतो. बसण्याची उंची ४५ सेंटिमीटर ठेवा आणि निदान दोन बाकांना हात असू द्या, म्हातारी माणसं त्यांच्या आधाराने उठतात. स्ट्रेचरची वाट सहा फुटांपेक्षा अरुंद होऊ देऊ नका. एक कोपरा अर्ध्या उंचीच्या आडोशाने वेगळा करा: चार फुटी बांबूची चटई, आत दोन माणसांचा बाक. कुणाला रडू येतं, कुणाला लेकराला पाजायचं असतं, कुणाला गर्दीत गुदमरतं. आडोसा चार फुटांहून उंच केला तर आत कुणाला चक्कर आली तरी कळणार नाही.

आवाज

एका बाजूने उघड्या व्हरांड्यात घुमारा फारसा नसतो, तिथला त्रास हाका मारण्याचा आणि टीव्हीचा. टीव्ही बंद करा किंवा आवाज काढून टाका. टोकन आणि नंबरचा फलक लावला की ओरडून नावं पुकारायची वेळ कमी येते. नाव आणि आजार चारचौघांत जाहीर होणंही थांबतं.

बंद खोलीत एकदा टाळी वाजवा. टाळीमागून घुमणारं शेपूट ऐकू आलं तर आवाज शोषणारी पॅनल लागतील. २० बाय १२ फुटांच्या खोलीला ४ बाय २ फुटांची सहा ते आठ पुरतात. दोन इंची लाकडी पट्ट्यांची चौकट करा, आत जुन्या गाद्यांचा पिंजून घेतलेला कापूस भरा, मागे बारीक जाळी ठोका (नाहीतर उंदीर घर करतात), पुढे सुती कापड लावा. कापडातून फुंकर आरपार गेली पाहिजे. रेक्झिन लावलं तर आवाज परत फिरतो. भिंतीपासून इंचभर अंतर सोडून हे पॅनल वरच्या भागात लावा. बचत गटाच्या बायांकडून गोधडीच्या टाक्याचं कापड शिवून घेतलं तर हेच भिंतीवरचं पहिलं चित्र होतं. नुसती गोधडी भिंतीला चिकटवून टांगली तर आवाजाला फरक पडत नाही, आतला जाड थर आणि मागची फट हवी. कापूस जळतो. विजेच्या बोर्डापासून तीन फूट लांब ठेवा आणि ऑक्सिजनचे सिलिंडर असलेल्या बाजूला कापूस अजिबात नको. तिथे रॉकवूल (दगडापासून केलेली, न जळणारी लोकर) भरा.

पाट्या

भिंतीवरचे सगळे पोस्टर एकदा मोजा. मुदत गेलेल्या मोहिमांचे काढा. तोंडाच्या कर्करोगाचे आणि साप चावलेल्या पायाचे फोटो ताटकळणाऱ्यांच्या समोरून हलवा. ते भीती घालतात आणि तासभर डोळ्यांपुढे असले की माहिती कुणीच वाचत नाही. उरलेले एकाच फलकावर, एका वेळी चारच.

रस्ता दाखवायला जमिनीवर रंगीत पट्टे ओढा, तीनच: रक्त तपासणी, औषधं, संडास-पाणी. चौथा-पाचवा रंग आला की कुणालाच काही आठवत नाही. पाच मीटरवरून वाचायच्या पाटीचं अक्षर किमान ४-५ सेंटिमीटर उंच हवं. दोन ओळींत भरपूर जागा सोडा, वेलांटी-उकार एकमेकांत अडकले की दुरून वाचता येत नाही. फिकट आणि बिनचमकीची पार्श्वभूमी, गडद अक्षर, सोबत चिन्ह. 'पानी आठे शे' असं अहिराणीत लिहिलं तर लोक हसून दुसऱ्याला दाखवतात. नंदुरबारकडे अक्कलकुवा-धडगावला मात्र भिली, पावरी बोली गावागणिक बदलतात, तिथली वाक्यं तिथल्या आशाताईंकडूनच घ्या.

भिंत

खानदेशात रंगकाम दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंत करा. एप्रिल-मेत भिंत इतकी तापते की इमल्शन ब्रश फिरायच्या आत सुकतं आणि जोडाचे पट्टे दिसतात. पावसाळ्यात ओल अडकून फुगे येतात. नवा गिलावा किमान २८ दिवस मुरलेला हवा.

ओल आहे का ते असं बघा: दोन फूट चौरस प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवा आणि २४ तासांनी काढा. आतून दव असेल तर थांबा, आधी गळती किंवा पायातून चढणारी ओल शोधा. पांढरा क्षार फुललेला असेल तर कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, पाण्याबरोबर तो पुन्हा आत शिरतो. भिंतीवर हात फिरवून पांढरा आला तर खाली जुना चुना किंवा डिस्टेंपर आहे. तो खरवडल्याशिवाय वर इमल्शन लावलं की वर्षभरात पापड सुटतात, आणि शिव्या रंगाच्या कंपनीला मिळतात. जुना ऑइलपेंट खरवडताना भिंत ओली ठेवा, मास्क लावा आणि लेकरांना लांब ठेवा. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नसावं हा नियम २०१६ चा आहे आणि तो २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या थरांची खात्री देता येत नाही.

काळ्या मातीवरच्या इमारतींना दर उन्हाळ्यात भेगा पडतात, कारण माती आकसते. भेग इंग्रजी व्ही अक्षरासारखी खोदून ॲक्रिलिक भराव घाला. तरी ती परत येईलच हे धरून चित्राची आखणी करा: भेगेवरून फांदी किंवा दोन रंगांची सीमा न्या, चेहरा किंवा अक्षर कधीच नको.

२० बाय १० फुटांच्या, म्हणजे २०० चौरस फुटांच्या भिंतीला लागणारं सामान: पुट्टीची २० किलोची एक पिशवी, १२० आणि १८० नंबरचा पॉलिशपेपर, प्रायमर २ लिटर, मॅट इमल्शन ४ लिटर (दोन हात). जमिनीपासून चार फुटांपर्यंत धुता येणारा रंग द्या. तिथे डोक्याचं तेल, चपला आणि हात लागतात.

रंगांचे तक्ते, म्हणजे निळा शांत करतो, पिवळा आनंद देतो वगैरे, बाजूला ठेवा. रंगाच्या नावापेक्षा तो किती फिका आणि किती भडक यानं जास्त फरक पडतो. बाहेर डोळे दिपवणारं ऊन असतं, आत आल्यावर राखाडी झाक असलेला फिका हिरवा किंवा सायीचा रंग डोळ्यांना विसावा देतो. बऱ्याच शेडकार्डांवर परावर्तनाचा आकडा (एलआरव्ही, म्हणजे रंग किती टक्के उजेड परत फेकतो) असतो: छताला ८० च्या वर, भिंतीला ५० ते ७०. दाराची चौकट आणि भिंत यांत किमान ३० चा फरक ठेवा, कमी दिसणाऱ्यांना दार सापडतं.

थुंकण्याच्या कोपऱ्यात देवांच्या टाइल्स बसवायची युक्ती सोडून द्या. दवाखाना सगळ्या धर्मांचा, आणि लोक टाइल सोडून शेजारी थुंकतातच. तो कोपरा फिका रंगवा, वर दिवा लावा, तिथे झाडाची कुंडी ठेवा आणि दहा पावलांवर पिकदाणी. अंधारा, कुणाचाच नसलेला कोपराच घाण होतो.

आता चित्र

दीड तास बसणाऱ्याला एका नजरेत संपणारं चित्र पुरत नाही. जवळून पाहिल्यावर नवं काही सापडेल असं हवं. तापीचा काठ, त्यावर एक मोठं झाड आणि त्यात दडलेले बारा पक्षी: सुगरण, तांबट, वेडा राघू, हुदहुद, नीलपंख वगैरे. खाली एवढंच लिहा, 'बारा शोधा'. लेकरं गुंततात, त्यांच्यामागून मोठेही. बाकावर बसलेल्याची नजर जमिनीपासून ११०-१२० सेंटिमीटरवर असते, खाली बसलेल्याची ७०-८० वर. अर्धे पक्षी त्या खालच्या पट्ट्यात काढा.

काय टाळायचं? मोठे रोखून बघणारे डोळे आणि चेहरे: भास होणाऱ्या किंवा संशयाने पछाडलेल्या माणसाला ते त्याच्याकडेच बघतात. गडद-फिके दाट पट्टे आणि भोवरे: अर्धशिशी आणि फिट येणाऱ्यांना त्रास. अर्थ न लागणारे अमूर्त आकार: घाबरलेलं मन त्यात वाईटच वाचतं. 'सकारात्मक राहा' छापाची वाक्यं: ज्याला राहता येत नाही त्याला तो टोमणा वाटतो. आणि फुललेली कपाशी. सुंदर दिसते, पण ज्याचं पीक बोंडअळीने गेलं त्याला ती भिंत उधारीची वही वाटू शकते. गावकऱ्यांना विचारल्याशिवाय पीक काढू नका.

वारलीचं एक सांगायलाच हवं. ती पालघरकडची चित्रकला, आणि आता राज्यातली प्रत्येक सरकारी भिंत तिनेच भरते. सातपुड्यात भिल्ल चित्रकार असतील तर त्यांना बोलवा, मजुरी ठरवून द्या, भिंतीवर त्यांचं नाव लिहा. इंटरनेटवरून त्यांची शैली उतरवू नका.

रंग निवडताना अजिंठ्याकडे पाहा. तिथे गेरू, पिवडी, हिरवी माती, काजळ आणि चुना यांवर बहुतेक सगळं उभं आहे, निळा तेवढा बाहेरून आलेल्या दगडाचा. या पाच रंगांशी जुळणाऱ्या छटा आपल्या मातीशी बसतात आणि वर्षानुवर्षं खुपत नाहीत. निळा फक्त नदीला आणि नीलपंखाला. तंत्र मात्र आजचंच वापरा: पांढरं ॲक्रिलिक इमल्शन ३ लिटर आणि स्टेनर, म्हणजे त्यात मिसळायचा घट्ट रंग. एका लिटरला ३०-४० मिलिलिटरपेक्षा जास्त स्टेनर घातला तर रंग सुकत नाही आणि हाताला लागतो. गडद छटा हवी असेल तर तयार गडद इमल्शन अर्धा-अर्धा लिटर घ्या.

रेखाटन कागदावर एक इंचाला एक फूट या प्रमाणात करा. भिंतीवर नीळ लावलेल्या सुताने फूटभराच्या चौकटी मारा आणि चौकटीनिहाय खडूने उतरवा. खडूचं रेखाटन दोन दिवस तसंच ठेवा. येणारे-जाणारे त्यावर बोलतात, बैलाचं शिंग चुकलं म्हणतात, नदी उलटी वाहते म्हणतात. त्या दुरुस्त्या त्यांच्याच हातून करून घ्या. रंगवायला एका वेळी दहा-बारा जण बस, त्याहून जास्त झाले की सांडणंच जास्त होतं. मोठे भाग एक इंची ब्रशने लोकांकडून, बारीक रेषा चार नंबरच्या ब्रशने एकाच जाणत्या हाताने. आठवडाभर सुकू द्या, मग पारदर्शक मॅट कोट द्या. चमकदार वार्निश दिलं तर दुपारी चित्राऐवजी उजेडच दिसतो.

भिंतीच्या पलीकडचं

चित्र हा उपचार नाही. मानसिक आरोग्याची तपासणी होत असेल तर त्या दाराबाहेर वेगळी रांग आणि मोठा फलक नको, बीपी-शुगरच्याच बाकांवर बसवा. गावात 'तो तिथे बसला होता' एवढंही पुरतं आणि माणूस पुन्हा येत नाही.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तो दर्शनी भिंतीवर लिहिलाच पाहिजे, पण सगळ्यांदेखत तो फोनमध्ये उतरवून घ्यायची हिंमत थोड्यांना होते. म्हणून संडासाच्या दाराला आतून, डोळ्यांच्या उंचीवरही लिहा. आश्रमशाळेच्या वसतिगृहात आणि स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेतही हीच जागा.

अभ्यासिकेबद्दल थोडक्यात: तिथे भिंतीवर यशस्वी उमेदवारांचे फोटो आणि 'उरलेले दिवस' यांचे फलक असतात. ते बसायच्या खोलीतून बाहेरच्या जिन्यात न्या. खोलीत खिडकीकडे तोंड असलेली निदान चार टेबलं ठेवा आणि बोलता येईल असा एक ओटा बाहेर द्या.

काम झाल्यावर महिन्याने तेच दोन प्रश्न पुन्हा पंधरा-वीस जणांना विचारा. रेघा पुन्हा मोजा आणि तापमान त्याच ऋतूत, त्याच वेळी पुन्हा घ्या. डिसेंबरचा आकडा मे महिन्याशी ताडून फुशारकी मारू नका. कुंड्या वीस छोट्या नको, तीन मोठ्या ठेवा आणि पाणी घालायचं काम एकाच माणसाकडे द्या. खालच्या ताटल्यांतलं पाणी आठवड्याला ओतायचं, नाहीतर दवाखान्यातच डेंग्यूचे डास होतील. उरलेला रंग छोट्या घट्ट डब्यांत भरा, झाकणावर शेड क्रमांक आणि तारीख लिहा, आणि एक डबा औषध भांडारात ठेवा. चार फुटांखालचा पट्टा वर्षाला एकदा तरी डागडुजी मागतोच.